दहापैकी तीन

आत्याआजी,

परवा संध्याकाळी तुझे विद्यार्थी आले होते. पाच जण. सगळे पन्नाशीच्या पुढचे, दोघांना टक्कल, एकाला दोन जिने चढून धाप लागलेली. ठाकुर्लीच्या आपल्या हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून दोघं तुझ्या पलंगाच्या कडेला टेकले, तू आत्ता येऊन उठवशील अशा बेताने.  मग टक्कलवाल्यांपैकी एक म्हणाला, "मला बाईंनी भूमितीत दहापैकी दोन दिलेले. प्रमेय बरोबर होतं, हां. फक्त कंसात कारण लिहायला विसरलेलो."

"दोन म्हणजे खूश होत्या तुझ्यावर," दुसरा म्हणाला.

मग ते थांबेचनात. कोणाला अडीच, कोणाला चार. धाप लागलेल्या काकांनी दम खाऊन सांगितलं की अख्ख्या शाळेत सात मिळालेले ते एकटेच, आणि ती वही अजून घरी कपाटात आहे. बायकोने दोनदा रद्दीत टाकली, दोनदा त्यांनी परत काढली. सगळे हसले. बाबाही हसले, तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी चहाचा ट्रे तसाच घेऊन आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले.

ते ज्यावर हसत होते त्याचीच मला भीती वाटते. तू जाऊन अकरा दिवस झाले, तरी वाटते. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तू जो आकडा सांगितलास आणि तो ऐकून मी जे केलं, म्हणजे जे केलं नाही, त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं होतं. समोर हिंमत झाली नाही. माझी हिंमत कशातच होत नाही. रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणण्याऐवजी मी पुढच्या नाक्यापर्यंत जाते आणि चालत मागे येते. एकदा तू ते खिडकीतून पाहिलंस आणि दार उघडल्या उघडल्या म्हणालीस, "जुई, तोंड काय फक्त जेवायला दिलंय?"

आईबाबांनी टिटवाळ्याला घर घेतलं आणि मला ठाण्याचं ऑफिस लांब पडायला लागलं, म्हणून सोमवार ते शुक्रवार मी तुझ्याकडे राहायला आले. बाबांची आत्या, एक्क्याऐंशी वर्षांची, एकटी राहणारी, गणिताची बाई. पहिल्या आठवड्यात मी तुला इतकी घाबरायचे की रात्रीचं पाणी प्यायलाही स्वयंपाकघरात जायचे नाही. तू मला रोज सकाळी अग्रलेख मोठ्याने वाचायला लावायचीस. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा घोळ व्हायचा. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि चुकलं की फक्त एक बोट वर करायचीस. बाबा आले की त्यांना म्हणायचीस, "दिनू, तू मुलीला इंग्रजी शाळा दिलीस आणि तिची जीभ काढून घेतलीस." बाबा म्हणायचे, "आत्या, आता चोवीस वर्षांची झाली ती, सोड ना." तू सोडायची नाहीस. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत ऐकायचे. मला तुला सांगायचं होतं की शाळेचा दोष नाही, मी इंग्रजीतही गप्पच असते. ऑफिसात दिवसभर टाइप करते, मीटिंगमध्ये माझा माइक बंद असतो. पण हे सांगायलाही बोलावंच लागलं असतं.

तो मंगळवार होता. आईबाबा लग्नाला नाशिकला गेलेले. सकाळी आठच्या सुमाराला तू बाथरूममधून बाहेर येताना पायपुसणं सरकलं. मोठा आवाज झाला नाही. मी धावत आले तर तू भिंतीला डोकं टेकून बसल्यासारखी पडलेली होतीस आणि अगदी नीट, शब्द मोजून म्हणालीस, "जुई, घाबरू नकोस. मी पडले आहे." तुझं उजवं पाऊल बाहेर वळलेलं होतं आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. पाय आखूड कसा होऊ शकतो, हेच मला कळेना. मी तुझ्याकडे बघायच्या ऐवजी त्या पायाकडेच बघत राहिले. "फोन कर," तू म्हणालीस. तेव्हा मी फोन केला.

अँब्युलन्समध्ये प्रत्येक स्पीडब्रेकरला तू डोळे मिटायचीस. आवाज नाही. कल्याणच्या त्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आपल्याला पडद्यामागे ठेवलं. एक तरुण डॉक्टर आला, माझ्याच वयाचा असेल, बहुतेक रात्रभर जागा. त्याने तुझा पाय पाहिला, तोंड किंचित वाकडं केलं, आणि म्हणाला, "आजी, शून्य ते दहामध्ये सांगा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही इतकं. किती दुखतंय?"

तू विचार केलास. खरंच केलास. वहीवर लाल पेन टेकवून थांबायचीस तसा.

"तीन," तू म्हणालीस.

त्याने कागदावर तीन लिहिलं.

आत्याआजी, मी तिथेच उभी होते. तुझा हात लोखंडी कठड्यावर होता आणि बोटांची पेरं पांढरी पडलेली. कपाळावर घाम होता, एसीत. वरच्या ओठावरही. आणि मला माहीत होतं, तू तीन देतेस म्हणजे काय. गेल्या दिवाळीत माझ्या पहिल्या जमलेल्या करंज्यांना तू साडेचार दिलेस आणि आठ खाल्ल्यास. तुझ्या तीनाला तीन समजायचं नसतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी माझ्या चपलांकडे बघितलं.

त्यांनी तापावर देतात तसलं औषध सलाईनमधून लावलं. तीनाला तेवढंच पुरतं, ते चुकले नाहीत. मग एक्स-रे. स्ट्रेचरवरून टेबलावर, टेबलावरून स्ट्रेचरवर. मला बाहेर थांबवलं होतं. दार बंद होतं आणि आतून काहीच ऐकू आलं नाही. ओरडली असतीस तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि तसं वाटल्याचीही भीती वाटली.

अँब्युलन्समधून मी बाबांना मेसेज टाकला होता, दहा वाजता त्यांचा फोन आला. खुब्याचं हाड मोडलंय, उद्या सकाळी ऑपरेशन, आज हृदयाच्या तपासण्या, एवढं मी सांगितलं. बाबांचा आवाज चढला. "अगं ऐक, आम्ही निघालोय, पण कसारा घाटात ट्रक पलटलाय, सगळं जाम आहे. मी येईपर्यंत कशालाच हो म्हणू नकोस. कसली इंजेक्शनं-बिंजेक्शनं द्यायला लागले तर थांबव. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या आईला पाठीत सुई दिलेली, दोन वर्षं झाली, अजून कंबर धरून बसते. कळलं ना?"

"हो," मी म्हणाले. हा शब्द मला पटकन येतो.

अकराला तुला वॉर्डात आणलं. तिथे एक मावशी होत्या, खाडीकडच्या गावातल्या, हातात हिरव्या बांगड्या, केसात अबोली. चादर बदलायला त्यांनी तुला फक्त एका कुशीला, अगदी थोडंसं वळवलं. तू पदराचा बोळा तोंडात धरलास. मावशींचा हात जागीच थांबला. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

बाराच्या आसपास भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या, उद्याच्या ऑपरेशनसाठी तुला तपासायला. चाळिशीच्या, बारीक, खिशात तीन पेनं. तू त्यांच्याकडे लगेच पसंतीने पाहिलंस, बहुधा पेनांमुळे. त्यांनी छाती तपासली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का विचारलं, मग कागद चाळला.

"दुखणं तीन लिहिलंय. पाय हलवला की किती होतं, आजी?"

"तेव्हा साडेतीन."

"बरं. खूप दुखत असेल तर आम्ही एक ब्लॉक देतो. इथे, जांघेच्या जरा खाली. सोनोग्राफीवर बघत सुईने भुलीचं औषध सोडायचं, म्हणजे खुब्याकडच्या नसा काही तास झोपतात."

"मज्जातंतू," तू म्हणालीस. "नसा नव्हेत."

"मज्जातंतू," डॉक्टरबाई हसल्या. "मशीन खाली एका पेशंटसाठी लावलंय. तुमचं तीनच असेल तर संध्याकाळी बघू, चालेल?"

"संध्याकाळीही नको. तीनासाठी कशाला मशीन अडवायचं? ज्याला लागेल त्याला द्या."

त्या मान हलवून निघाल्या. मी तुझ्या उशाशी उभी होते. तू छताकडे बघत होतीस आणि तुझा श्वास अगदी वरच्यावर चालला होता, कुत्र्याच्या पिल्लाचा चालतो तसा. चार तास झाले होते. मला बोलायचं होतं, पण डोक्यात एकदम गर्दी झाली. मी बोलले तर अनोळखी माणसांसमोर तुला खोटं पाडल्यासारखं होईल. बाबांनी थांबायला सांगितलंय. ती सुई चुकली तर? ते मज्जातंतू झोपले आणि उठलेच नाहीत तर? मग सगळे विचारतील, हो कोण म्हणालं?

मावशींनी माझा दंड धरला आणि मला दाराबाहेर ओढलं.

"काय गो बाय, आजी तुझी का कोनाची?"

"माझी."

"मंग? ती तीन बोलतंय नं तू आयकतंस? त्या डागदरनीला काय म्हाईत. मना दिसतंय, तुला दिसत नाय?" त्यांनी आवाज खाली आणला. "माझी सासू अशीच गप ऱ्हायली. जा. लिफ्ट यायला येल लागतं हितं, जा पलत."

मी पळाले. मी शाळेतही कधी पळाले नव्हते. डॉक्टरबाई लिफ्टच्या दाराशी फोन बघत होत्या. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं.

"ती मार्क कमी देते," मी म्हणाले.

"काय?"

"आजी. शिक्षिका होती, गणिताची. ती कोणालाच देत नाही. जास्तीत जास्त सात, तेही एकदाच. तिचे तीन म्हणजे तीन नाहीत."

"मग किती?"

"मला नाही माहीत. नऊ असतील. प्लीज."

लिफ्ट आली, उघडली, बंद झाली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या परत फिरल्या, तुझ्या पलंगाशी आल्या, खुर्ची ओढून चक्क बसल्या. "आजी, मार्क राहू देत. मला एवढंच सांगा, आत्ता या क्षणी तुम्हाला काय करता येत नाहीये?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता संपलं. घरी गेल्यावर तू माझ्याशी कधीच बोलणार नाहीस. मग तू नजर काढून घेतलीस.

"पूर्ण श्वास घेता येत नाही."

"कधीपासून?"

"पडल्यापासून."

डॉक्टरबाईंनी लगेच खाली फोन लावला. मशीन येईपर्यंत त्यांनी सगळं समजावलं, तुलाच, माझ्याकडे न बघता. दुखणं पूर्ण जाईलच असं नाही, पण बरंच उतरेल. पाय काही तास जड वाटेल. एखाद्याला टोचल्या जागी रक्त साकळतं. मज्जातंतूला इजा फार क्वचित होते, पण होते, म्हणून तर मशीनवर बघत द्यायचं. गुंगीची इंजेक्शनं जास्त दिली तर या वयात माणसं बरळायला लागतात, आणि नुसतं दुखत ठेवलं तरीही लागतात.

"मी जागी राहीन?"

"पूर्ण."

"डोकं?"

"डोकं तुमच्याकडेच राहील, आजी. आम्हाला फक्त पाय हवाय."

तू पेन मागितलंस. झोपल्या झोपल्या, आडव्या धरलेल्या फळीवरच्या संमतीपत्रावर, पूर्ण नावाची सही केलीस आणि तिच्याखाली रेघ मारलीस. नातेवाइकाच्या रकान्यात मला सही करायची होती. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. मी उचलल्या उचलल्या बाबाच बोलायला लागले, "अजून घाटातच आहोत, काय चाललंय?"

"बाबा, पायात इंजेक्शन देतायत. मी सही करतेय."

"अगं थांब म्हटलं होतं ना!"

"तिला श्वास घेता येत नाहीये, बाबा." मी फोन ठेवून दिला. बाबांचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदा मध्येच ठेवला. माझी सही इतकी वाकडी आली की ती माझी वाटेना.

त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं मला अजून दिसतात. थंड जेली लावली तेव्हा तू "स्स" केलंस, तो तुझा त्या दिवसातला, शब्दांखेरीजचा पहिला आवाज. करड्या पडद्यावर थर दिसत होते, ढगांसारखे, आणि डॉक्टरबाई स्वतःशीच पुटपुटत सुई तिरकी आत नेत होत्या. त्या तुला म्हणाल्या, तोंडात धातूसारखी चव आली, कानात गुणगुण झाली, तर लगेच सांगा. तेव्हापासून मी तुला दर मिनिटाला विचारत राहिले.

"आत्याआजी, तोंडात कसं लागतंय?"

"सकाळपासून चहा मिळालेला नाही, तसं लागतंय."

"कानात काही?"

"तुझीच गुणगुण."

नाडी मोजायचं मशीन मध्येच टुंग वाजलं. ते तुझ्या बोटाची क्लिप निघाली म्हणून वाजलं होतं. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला तर मला पाढेच आठवायला लागले. तेराचा. तेरा सत्ते एक्क्याण्णवपर्यंत गेले आणि अडकले, आणि तेव्हा मला दिसलं की कठड्यावरची तुझी मूठ सुटली आहे. बोटं एकेक करून नाही, सगळी एकदम. तू श्वास घेतलास. पोटापर्यंतचा. मग डोळे मिटून आणखी एक घेतलास, पहिला खरा होता का हे पडताळून बघितल्यासारखा.

"आता किती, आजी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"शून्य मी देत नाही," तू म्हणालीस. "अर्धा."

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "बग," आणि कामाला गेल्या. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

त्या दुपारी आपण दोघी जेवढं बोललो तेवढं दोन वर्षांत बोललो नव्हतो. तुला चहा मिळाला, फिका. तू म्हणालीस की सगळ्यांना वाटतं मी कडक होते, मुळात मला भीती वाटायची. पूर्ण मार्क दिले की मुलगा तिथेच थांबतो, आपण त्याला थांबवलं असं होतं, म्हणून एकेक मार्क हातात राखून ठेवायचा. मी म्हणाले, पण दुखणं काय परीक्षा आहे का? तू म्हणालीस, "दहा दिले असते आणि नंतर याहून जास्त दुखलं असतं, तर काय सांगितलं असतं मी?" मी म्हणाले, अकरा. तू हसलीस. हसल्यावर पाय हलला, आपण दोघी दचकलो, आणि दुखलं नाही. मग तू म्हणालीस, "माझ्या दुखण्याचे मार्क तू वाढवून आलीस. हे फेरतपासणीचं धाडस कुठून आणलंस?" हा वाद आपला अर्धाच राहिला, कारण मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं.

आणि मग तू विचारलंस. छताकडे बघत, सहज.

"तुला कधी कळलं? की माझं तीन खरं नाही?"

मी तुझ्या हातातला कप घेतला. म्हणाले, "मावशींनी सांगितलं तेव्हा. मला आधी लक्षातच आलं नाही."

तू माझ्याकडे मान वळवलीस. बराच वेळ बघितलंस. कॉपी करून वही पुढे सरकवणाऱ्या मुलाकडे बघत असशील तसं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं, तुला झोप येतेय.

"बरं," तू म्हणालीस.

दोनच्या पुढे बाबा आले, धावत, शर्ट अर्धा बाहेर, मागून आई. तू शांत झोपली होतीस.  बाबा तुझ्या पायाशी उभे राहून नुसते तुझ्या छातीकडे बघत राहिले, ती वरखाली होत होती.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी तुला वॉकर धरून उभं केलं तेव्हा तू फिजिओच्या मुलीला तिची मोजणी सुधारून दिलीस. टिटवाळ्याला आणलं. दहा दिवस बरे गेले. मग खोकला, मग ताप, मग ठाण्याचं मोठं हॉस्पिटल, आणि तिथे तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. छातीत संसर्ग, असं त्यांनी लिहिलं. मी तिथल्या डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं, आता मला माणसांना गाठता येतं, आणि विचारलं की पहिल्या दिवशी चार तास तिला नीट श्वास घेता आला नव्हता, त्याने हे झालं का? ते म्हणाले, नाही हो, मधे इतके दिवस बऱ्या होत्या ना त्या. या वयात हाड मोडल्यावर असं होऊ शकतं, त्या चार तासांवर कशाला घालताय? चांगले होते ते डॉक्टर. पण मी बाथरूमच्या दाराशी आले की अजून थांबते. कोणी श्वास रोखला, अगदी टीव्हीवरसुद्धा, की मी मोजायला लागते. आणि सगळ्यात जास्त भीती मला याची वाटते की त्या दिवशी मावशी रजेवर असत्या तर मी संध्याकाळपर्यंत तशीच उभी राहिले असते. दुसऱ्या दिवसापर्यंतही. मी मला ओळखते.

काल दुपारी शेजारच्या बिल्डिंगमधलं एक जोडपं भेटायला आलं. पिठलं-भाताचा डबा घेऊन आले होते. काकूंनी विचारलं, "फार हाल नाही ना झाले हो त्यांचे?" बाबा म्हणाले, "नाही, नाही. त्या बाबतीत देवाची कृपा. पडली त्या दिवशी पायात ते नवीन इंजेक्शन देतात ना, ते लगेच दिलं. लगेच. दुखलंच नाही तिला."

बाबा सगळ्यांना हेच सांगतात. पाच-सहा वेळा मी ते ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी पाणी आणायला आत गेले होते. काल पाणी माझ्या हातातच होतं.

"लगेच नाही दिलं," मी म्हणाले.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"आठ वाजता पडली. साडेबारा झाले इंजेक्शन द्यायला. खूप दुखत होतं तिला. मला दिसत होतं, पहिल्यापासून. मी कोणाला सांगितलं नाही."

"जुई," बाबा म्हणाले, "अगं, आत्ता कशाला..."

"तुम्ही सगळ्यांना लगेच म्हणता, बाबा. ते नका म्हणू."

काकूंनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. पंखा फिरत होता. मला वाटलं, बाबा आता रागावतील, किंवा माझी समजूत काढतील, आणि दोन्हींची मला सारखीच भीती वाटली. बाबांनी माझ्या हातातला पेला घेतला, प्यायले नाहीत, तसाच मांडीवर धरून बसले. मग त्या काकांना, जवळपास अनोळखी माणसाला, म्हणाले, "मीच तिला सांगितलं होतं हो. मी येईपर्यंत कशाला हो म्हणू नकोस म्हणून. घाटात अडकलो होतो मी."

यापुढे काही झालं नाही. ते दोघं थोड्या वेळाने उठले. बाबा त्यांना खालपर्यंत सोडायला गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. सांगितल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटत होतं, तसंही वाटलं नाही. नंतर मी डबा रिकामा केला आणि घासून ठेवला.

बाबांना सांगून झालं. तुझ्याशी बोललेलं खोटं मात्र अजून तसंच आहे. तुझं "बरं" मी रोज ऐकते. तुला कळलं होतं आणि तू मला सोडून दिलंस, की तुला खरंच वाटलं की जुईच्या लक्षात आलं नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. जिच्या लक्षातच येत नाही अशी मुलगी असते मी, तर बरं झालं असतं. मावशी अकरा वाजता आल्या, आत्याआजी. मला नऊलाच कळलं होतं. तू आकडा सांगितलास त्याच क्षणी.